शर्ट अंगातच ठेव

मी घरबसल्या सबटायटलं लिहिते. इंदूरला, रामबागेत, मागच्या खोलीच्या खिडकीपाशी बसून न्यूयॉर्कच्या पोलिसांना आणि टेक्ससच्या सासवांना मराठीत बोलायला लावते. पहिलीच फाइल परत आली तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी एका ओळीपुढे नुसती तीन प्रश्नचिन्हं टाकली होती. ओळ होती, 'शर्ट अंगातच ठेव.'

मूळ वाक्य 'कीप युअर शर्ट ऑन'. गुत्त्यात दोघांची जुंपायच्या बेतात आलेली, तिसरा मध्ये पडून हे म्हणतो. मला वाटलं, उकडत असेल. आता हसू येतं, तेव्हा रात्रभर झोप नव्हती. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन बोली आहे ही. हाणामारीला उतरणारा गडी आधी शर्ट काढून बाजूला ठेवायचा, म्हणून 'शर्ट राहू दे' म्हणजे डोकं थंड ठेव. आपल्याकडे भांडणारा शर्ट काढत नाही, बाह्या सरसावतो. म्हणजे उत्तर कपड्यातच होतं: 'बाह्या सरसावू नकोस.' पण हे मला सुचलं दोन वर्षांनी, पोळ्या लाटताना, आणि तोवर ती मालिका कधीच संपली होती.

तेव्हापासून दरडावणी, टोमणे आणि 'काढ इकडे' छापाची वाक्यं आली की मी सावध होते. प्रेमाचे संवाद सोपे असतात हो. खरा घाम फोडतात ती चिडलेली माणसं. 'कफ इट अप' घ्या. पैसे काढ किंवा माहिती दे, दोन्हीला चालतं. इंग्रज माणूस खोकतो, आपला आरोपी ओकतो. 'ओक आता!' चार अक्षरांत काम होतं, आणि आमच्याकडे तर ओळीला 42 अक्षरांचीच मुभा, त्याही दोनच ओळी. 'स्पिल द बीन्स'ला मी तेच वापरते. घेवड्याच्या बिया जमिनीवर सांडवत बसायला पडद्यावर जागा नाही.

'यू डोन्ट से!' तर थेट उलटंच. ते म्हणतात 'तू सांगत नाहीस', आपण म्हणतो 'काय सांगतेस!' भाव मात्र एकच. अडचण येते ती हेच वाक्य खवचटपणे आलं की. आपण त्याला 'हो काऽऽ' म्हणतो, आणि सगळा खवचटपणा त्या लांबवलेल्या 'का'त असतो. माझ्या सासूबाई तो 'का' चार मात्रांचा काढतात. समोरच्याला पुढे बोलायची सोय उरत नाही.

पण माझी खरी तक्रार इंग्रजीच्या 'यू'शी आहे. एकदा मला व्हिडिओ न देता नुसता संवादांचा मजकूर दिला होता. त्यात एक बाई फोनवर ओरडते, 'गेट ऑफ माय बॅक!' आधीच्या प्रसंगात तिचा साहेब तिला छळत होता, म्हणून मी बिनधास्त लिहिलं, 'तुम्ही माझा पिच्छा सोडा.' चाळीस मिनिटांनी त्याच फोनचा पुन्हा उल्लेख आला. पलीकडे तिची आई होती. आईला 'तुम्ही'! आमच्याकडे सासूबाई त्यांच्या सासूला 'तुम्ही' म्हणायच्या, पण आईला कोण म्हणतं? शिवाय आईचा कोणी पिच्छा सोडवत नाही, आईची भुणभुण असते. मग झालं, 'आई, भुणभुण नको गं.' तो 'गं' घातला आणि राग राहिला, पण नातं तुटलं नाही. इंग्रजीत पाठीवरून उतर म्हणताना खाली कोण उतरतंय याचा पत्ताच नाही. मराठीत रे, गं, अहो, अगं यातलं काही एक ठरवल्याशिवाय माणसाला साधं हाकलताही येत नाही.

यावरची युक्ती मला घरात सापडली. आमच्या अंगणात गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात. त्यात डॉक्टरांचा मुलगा असतो, इस्त्रीवाल्याचा असतो, कधी कॉलेजात जाणारा दाढीवालाही असतो. सासूबाई दारात येऊन एकदाच म्हणतात, 'इथे खेळायचं नाही.' ना तू, ना तुम्ही, ना रे. कोणाला म्हटलं ते कळत नाही, आणि तरी सगळे निघतात. 'पैसे ठेवायचे आणि चालू लागायचं', 'जास्त बोलायचं नाही', 'खरं तेवढं सांगायचं'... या रूपात समोरच्याचं नावगावच नसतं, त्यामुळे मानापमानाचा प्रश्न उरत नाही आणि धाक मात्र दुप्पट. चौकशीच्या खोलीतला हवालदार असो की साहेब, आरोपी नगरसेवक असो की पाकीटमार, मी हल्ली हेच लावते. तपासणाऱ्या बाईंनी ते कधी खोडलं नाही. त्यांची नजर माझ्या वेगळ्याच गोष्टींवर असते. 'भाजी बनवली' असं लिहिलं की लाल शेरा येतो, 'हिंदीच्या अंगाने जातंय.' बरं बाई, भाजी केली.

पण हिंदीच्या शेजाराचा उपयोगही होतो. इंदूरच्या रस्त्यावर भांडणसुद्धा 'भिया'पासून, म्हणजे भैयापासून, सुरू होतं. 'भिया, गाडी हटा लो.' दुसऱ्यांदा 'भिया' जरा वरच्या पट्टीत. तिसऱ्यांदा नुसतंच 'भिया!', पुढचं समजून घ्यायचं. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' म्हणजे काय ते मला त्या 'भिया'वरून कळलं. आदर पुढे ठेवायचा, मागून दगड. त्याचं मी करते, 'राग मानू नका, पण'. असं म्हणणाऱ्याची, समोरच्याला राग यावा हीच इच्छा असते.

परवा 'कॉल अ स्पेड अ स्पेड' आलं, म्हणजे फावड्याला फावडंच म्हणणं. 'एक घाव दोन तुकडे' लिहून टाकलं असतं, पण ते पात्र नुसतं म्हणतंय, घाव घालत नाहीये. 'आडपडदा न ठेवता सांगते' केलं. मग कुतूहल म्हणून शोधलं तर मजाच निघाली. ही म्हण मुळात प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाकडची, आणि त्याच्या ग्रीकमध्ये फावडं नाहीच. तिथे द्रोणीसारखं भांडं आहे, आपली काथवट म्हणा. इरॅस्मस या डच पंडितानं लॅटिनमध्ये आणताना त्याचं खणायचं अवजार झालं, आणि 1542 मध्ये निकोलस यूडॉल या इंग्रज अनुवादकानं ते इंग्रजीत फावडं म्हणून रुजवलं. म्हणजे जशाला तसं म्हणावं असं सांगणारी म्हणच मुळात काथवटीला फावडं म्हणते! पावणेपाचशे वर्षांवर झाली, कोणी तीन प्रश्नचिन्हं टाकली नाहीत. (विसाव्या शतकात अमेरिकेत 'स्पेड' हा काळ्या माणसांसाठी शिवीसारखा वापरला गेला, म्हणून तिथे हल्ली ही म्हण जपून वापरतात.)

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं सासूबाईंना सांगत होते. त्या परातीत किसणी धरून भुट्टे किसत होत्या. मनगटापर्यंत दुधाळ रस, चष्म्यावरही दोन शिंतोडे. वर न बघता म्हणाल्या, "तू शब्दांचा कीस पाड, मी भुट्ट्याचा पाडते. बघू कोणाचा आधी शिजतो."

त्यांचाच शिजला. तुपात जिरं-हिंग-मिरचीचा वास मागच्या खोलीपर्यंत आला, वरून दूध पडल्याचा चर्र आवाजही आला. माझी फाइल रात्री अकराला द्यायची होती आणि 'गिव्ह मी अ ब्रेक' तिसऱ्यांदा अडलं होतं. 'पुरे', 'डोकं नको खाऊस', 'काहीतरीच काय', तिन्ही लिहून तिन्ही खोडले. बाहेर नवरा मोबाइलवर मॅच बघत बसला होता.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "यंत्रं मिटायची. हात धुवायचे. पानावर बसायचं."

त्याला म्हणाल्या की मला, कळलं नाही. दोघंही उठलो.