जीसीसी दिसेना, सीसी१ मात्र दिसे

आमच्या सी प्रकल्पाच्या बिल्डमध्ये कोणती फाइल कोणत्या पर्यायांनिशी कंपाइल होते, हे टिपणारी एक छोटी शेअर्ड लायब्ररी होती. एलडी_प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमुळे ती डायनॅमिक लिंक केलेल्या प्रत्येक प्रोसेसमध्ये इतर लायब्ररींआधी लोड होई, एक्झेक घराण्यातील (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करणारी) फंक्शने त्याच नावांनी अडवी, आर्ग्युमेंट लॉगमध्ये लिही आणि डीएलसिमला आरटीएलडी_नेक्स्ट देऊन (म्हणजे पुढच्या लायब्ररीत तेच नाव शोधून) मिळवलेल्या मूळ फंक्शनकडे काम सोपवी. बिल्डची यंत्रे लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर नेली आणि त्याच दिवशी लॉगमधून जीसीसी या कंपायलरच्या बहुतेक नोंदी नाहीशा झाल्या. बिल्ड मात्र विनातक्रार पूर्ण होत होती.

मला सर्वांत विलक्षण वाटले ते असे, की जीसीसीने सुरू केलेल्या सीसी१ची (सी कोड प्रत्यक्ष कंपाइल करणाऱ्या त्याच्या आतल्या प्रोग्रॅमची) नोंद होती आणि खुद्द जीसीसीची नव्हती. म्हणजे लायब्ररी जीसीसीच्या आत पोहोचत होती; हुकत होता तो जीसीसीला जन्म देणारा कॉल. ज्या थोड्या नोंदी उरल्या होत्या, त्या साऱ्या मेकने (बिल्डच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) शेलमार्फत चालवलेल्या, दोन-तीन कमांड एकत्र जोडलेल्या ओळींच्या होत्या. त्यामुळे संशय थेट मेकवर आला.

प्रोसेसचे सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या एस-ट्रेसने पाहिले तर कर्नलपाशी प्रत्येक जीसीसीचा एक्झेकव्हीई (एक्झेकचा सिस्टिम कॉल) स्पष्ट दिसत होता. मग मेकची डायनॅमिक सिम्बॉल यादी, म्हणजे ते लायब्ररींतून घेत असलेल्या फंक्शनांची नावे, काढली आणि तिच्यात नवी प्रोसेस सुरू करणारे पॉझिक्स_स्पॉन सापडले. ग्नू मेक २०२० च्या ४.३ आवृत्तीपासून, सोय असेल तिथे, फोर्क (प्रोसेसची प्रत काढणे) आणि एक्झेकऐवजी हेच फंक्शन वापरते. ग्लिबसी या सी लायब्ररीमधील पॉझिक्स_स्पॉन पुढे एक्झेकव्हीईच करते, पण लायब्ररीच्या अंतर्गत सिम्बॉलने. तो कॉल डायनॅमिक लिंकरच्या (फंक्शनांची नावे लायब्ररींशी जोडणाऱ्याच्या) तक्त्यातून जातच नाही, म्हणून एक्झेकव्हीई कितीही काळजीपूर्वक अडवले तरी तो हाती लागत नाही.

पॉझिक्स_स्पॉन आणि पॉझिक्स_स्पॉनपी यांची वेष्टने, म्हणजे त्यांना अडवणारी आमची फंक्शने, लिहिणे सोपे गेले, कारण ती पालक प्रोसेसमध्येच चालतात. एक्झेकची वेष्टने खरी नाजूक: व्हीफोर्क या फोर्कच्या प्रकारानंतर मूल पालकाचीच मेमरी वापरते आणि अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये फोर्कनंतर एखादे कुलूप कायमचे अडकलेले असू शकते. म्हणून तिथे मॅलॉक (मेमरी मागणे) आणि प्रिंटएफ पूर्ण वर्ज्य ठेवून, स्टॅकवरचा बफर आणि एकच राइट कॉल एवढ्यावरच भागवले.

संध्याकाळी जीसीसीच्या सर्व नोंदी परतल्या. बिल्डमधील एक स्टॅटिक लिंक केलेला (लायब्ररी स्वतःतच सामावलेला) कोड-जनरेटर मात्र अजूनही स्वतःच्या मुलांचा पत्ता लागू देत नाही. तिथे प्रीलोडचा उपयोगच नाही, म्हणून तेवढ्या टप्प्यासाठी आम्ही एस-ट्रेसच चालवतो.