खिडकीची जागा

मुलीकडे अटलांटाला सहा आठवडे राहून आलो, तेव्हापासून भेटणारा प्रत्येकजण नायगारा पाहिला का, असे विचारतो. पाहिला. गर्दी फार होती आणि परतीच्या विमानाला पाच तास उशीर झाला. माझ्या मनात मात्र त्या सहा आठवड्यांतला एक शनिवार आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातला एक मंगळवार एवढेच घर करून राहिले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. मुलीच्या कंपनीतली चौदा माणसे त्या शनिवारी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या संस्थेच्या एका घराच्या बांधकामावर श्रमदानाला जाणार होती आणि तिने मलाही नेले. संस्थेचे नाव मला नवे नव्हते. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते आणि देशोदेशींच्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी तिथे आठवड्याभरात शंभर घरे उभी केली होती. कार्टर तेव्हा 82 वर्षांचे होते. मी पुण्यात नोकरीला होतो, त्या आठवड्यात दोनदा द्रुतगती मार्गावरून गेलो, पण वाट वाकडी करून ते काम पाहावे असे मला वाटले नाही. हौशी माणसांनी बांधलेल्या घराला घर म्हणावे का, असे मी तेव्हा कार्यालयात बोललो होतो. तो माझा उद्धटपणा होता.

शहराच्या दक्षिण भागातल्या त्या जागेवर आम्ही सकाळी साडेसातला पोहोचलो. जोते तयार होते आणि त्यावर लाकडी फळ्यांची जमीन झालेली होती. कामाचा प्रमुख सत्तरीचा, निवृत्त गृहस्थ होता. आमच्याकडच्या जुन्या मुकादमांसारखाच शांत आणि बारीक नजरेचा. आज कोणी घाई करायची नाही, हे त्याने सर्वांत आधी सांगितले. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा चढवून झाल्यावर त्याने माझी जोडी एका बाईंबरोबर लावून दिली. चाळिशीच्या असाव्यात. कमरेला हत्यारांचा पट्टा होता आणि तो सवयीचा दिसत होता.

माझे सारे आयुष्य दगड, वीट, वाळू, सिमेंट यांत गेले. लाकडाचे घर मी कधी बांधले नव्हते. तिकडे भिंत उभी रचत नाहीत. दोन बाय चारचे वासे जमिनीवर आडवे मांडून, सोळा सोळा इंचांवर खिळ्यांनी ठोकून सबंध सांगाडा जुळवतात आणि मग सगळ्यांनी मिळून तो उचलून उभा करतात. माझे पहिले सहा खिळे वाकले. त्या बाईंनी हातोडी माझ्या मुठीत थोडी खाली सरकवली आणि म्हणाल्या, “मनगटाने मारू नका, कोपरापासून मारा. मलाही आधी जमत नव्हते.” पुढचा तासभर त्या मला शिकवत होत्या आणि मी शिकत होतो. त्या दुसऱ्या एखाद्या गटातून आलेल्या स्वयंसेविका असतील, असे मी धरून चाललो होतो. घर आपले कोणाचे आहे, असे मी सहज विचारले, तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “माझे.”

त्या एका इस्पितळात साफसफाईचे काम करतात आणि त्यांना दोन मुले आहेत. या घरावर हात ठेवण्याआधी त्यांनी दुसऱ्या कुटुंबांच्या घरांवर दोनशेहून अधिक तास काम केले होते. घर फुकट मिळत नाही; त्याचे कर्ज असते, त्याचे हप्ते असतात, आणि फिटलेल्या पैशांतून पुढच्या कोणाचे तरी घर उभे राहते. मी गरजवंताला मदत करायला आलो होतो आणि तासभर त्या गरजवंताकडूनच काम शिकत होतो. आपल्या खेड्यांत इर्जिक घालतात किंवा सावडीने कामे करतात, तेव्हा ज्याचे शेत असते त्याची मान खाली नसते, कारण उद्या तो दुसऱ्याच्या बांधावर उभा राहणार असतो. या बाईंची मान तशी ताठ होती. म्हणूनच दुपारी आमच्या गटातल्या काहींनी त्यांना मध्ये उभे करून, एकसारखे सदरे घालून छायाचित्रे काढायला सुरुवात केली, तेव्हा मला फार वाईट वाटले. त्या हसून उभ्या राहिल्या, पण हातोडी हातातून सोडली नाही.

जेवणाआधी स्वयंपाकघराची भिंत उभी करायची होती. तिच्यात खिडकीची चौकट सोडलेली होती आणि वर दुहेरी फळीचा लिंटेल ठोकलेला होता. प्रमुखाने तीन आकडे मोजले, दहा जणांनी एकदम उचल घेतली आणि भिंत डोक्यावरून वर गेली. त्याने पाणसळ लावून भिंत ओळंब्यात आणि कोपरा गुण्यात असल्याची खात्री केली, तिरके टेकू ठोकून झाले आणि सगळे पाणी प्यायला गेले. त्या बाई गेल्या नाहीत. त्या चौकटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही कोपरे खालच्या फळीवर टेकवले आणि बाहेर पाहत राहिल्या. मी जवळ गेलो, तेव्हा म्हणाल्या, “इथून मुलांचा बसथांबा दिसतो. त्यांनी मला दोन नकाशे दाखवले होते. ज्यात भांडी घासताना बाहेर दिसते, तो मी घेतला.”

एवढेच बोलणे झाले आणि मी एकतीस वर्षे मागे गेलो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा मी नोकरीत नवीन होतो. माळवदाच्या घरांनी माणसे मारली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि छतावरचे ते मातीचे ओझे झोपेतल्या माणसांवर कोसळले. बावन्न गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवायची ठरली. भूमिहीनांना अडीचशे चौरस फूट, मधल्या जमीनधारकांना चारशे आणि मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे, असे घरांचे माप होते. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि त्यांच्याकडे तोंड करून ओळीने उभी असलेली घरे. अशाच एका गावठाणात मी देखरेखीला होतो. जोत्याची कामे चालू असताना एक बाई रोज येऊन चुन्याच्या रेषांपाशी उभ्या राहत. पाचव्या की सहाव्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या.

“साहेब, दार हिकडून काढा की. जावंच्या घराला पाठ लावून कसं राहू मी? आमच्या दोघीतलं एकच लेकरू वाचलंय.”

मी म्हणालो, “नकाशा मंजूर झालेला आहे, बाई.”

नकाशा मंजूर झालेला होता, हे खरे. पण त्या अवस्थेत दाराची जागा बदलायला फक्त चुन्याची एक रेघ पुसावी लागली असती आणि वरिष्ठांना एक पत्र लिहावे लागले असते. मी ते लिहिले नाही. कोणी मला अडवले नव्हते; विचारावे असे मलाच वाटले नाही. ज्या गावांचे नुकसान कमी होते, तिथे मात्र वेगळे काम चालले होते. लोक सरकारी मदतीतून आपली घरे स्वतःच दुरुस्त आणि भक्कम करत होते आणि गावातल्याच बायका ‘संवाद साहाय्यक’ म्हणून त्यांना घरोघरी जाऊन भिंती बांधून धरणारा काँक्रीटचा पट्टा कुठे हवा, सळई कुठे हवी, हे समजावत होत्या. मी ते काम पाहिले होते आणि त्याला दुय्यम समजलो होतो.

जेवणाला त्या बाईंच्या आईने घरून गरम पीच कॉबलर, म्हणजे पीच फळांचा भाजलेला गोड पदार्थ, आणले होते आणि ते वाढताना ती प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होती. इतक्या दिवसांत मला तिथे असे कोणी वाढले नव्हते. दुपारी प्रमुखाने मार्करच्या कांड्या वाटल्या. भिंतीवर आतून जिप्समच्या पाट्या बसण्याआधी उघड्या वाशांवर घराला शुभेच्छा लिहिण्याची तिथे रीत आहे. मी खिडकीच्या डाव्या वाशावर देवनागरीत ‘तथास्तु’ लिहिले. याचा अर्थ काय, असे बाईंनी विचारले. घराचा एक पुरुष असतो आणि आपण घरात जे बोलतो त्याला तो ‘तसेच होवो’ म्हणतो, म्हणून घरात नेहमी चांगले बोलावे, असे माझी आई सांगत असे, ते मी त्यांना सांगितले. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि धाकट्या मुलाला बोलावून त्याच्याकडूनही म्हणवून घेतला.

मंगळवारी मुलीने रजा काढून मला दक्षिणेला अमेरिकस या गावी नेले, कारण हे सारे कुठून सुरू झाले ते मला पाहायचे होते. वाटेत लाल माती आणि भुईमुगाची शेते आहेत. अमेरिकसजवळ क्लॅरेन्स जॉर्डन यांनी 1942 मध्ये ‘कोयनोनिया’ नावाचे शेत सुरू केले. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवतात, एवढ्या कारणासाठी 1950 च्या दशकात त्या शेतावर गोळीबार झाला, बॉम्ब टाकले गेले आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी देवघेव बंद केली. तेव्हा ही माणसे टपालाने पेकन, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, विकून तगली. 1968 मध्ये मिलार्ड आणि लिंडा फुलर तिथे राहायला आले. मिलार्ड वकील आणि व्यापारी होते. वयाच्या तिशीआधी त्यांनी मोठी संपत्ती मिळवली होती आणि ती देऊनही टाकली होती. अर्ध्या अर्ध्या एकराच्या बेचाळीस जागा आखून नफ्याशिवाय आणि व्याजाशिवाय घरे बांधायची, ही कल्पना तिथे आकाराला आली. पहिले घर पुरे होण्याआधीच, 1969 च्या ऑक्टोबरात, जॉर्डन गेले. ‘हॅबिटॅट’ ही संस्था 1976 साली स्थापन झाली. कार्टर यांचे प्लेन्स हे गाव अमेरिकसहून दहा-बारा मैलांवर आहे.

त्या शेतावर मी दोन तास होतो. स्मारक म्हणावे असे भव्य काही नाही. साधी बैठी घरे आहेत, पेकनची उंच झाडे आहेत आणि ज्या टेकाडावर जॉर्डन यांना साध्या लाकडी पेटीत पुरले, तिथे फुलरही आहेत. ऊन असूनही मला तिथून निघावेसे वाटत नव्हते.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी पुण्याहून लातूरची एसटी धरली. त्या गावठाणात मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. त्या बाई सात वर्षांपूर्वी वारल्या. घरात त्यांचा पुतण्या राहतो. वाचलेले लेकरू म्हणजे तोच. रस्त्याकडचे दार विटांनी बुजवलेले होते आणि मागच्या बाजूला, जावेच्या घरासमोर, नवे दार पाडलेले होते.

“काकूनं पाडून घेतलं,” तो म्हणाला. “घर ताब्यात आलं त्याच वर्षी.”

ते दार कोपऱ्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर होते. भूकंप होणाऱ्या भागात तिथे निदान दोन फूट भिंत सलग राहायला हवी. फोडताना कोपऱ्यातली उभी सळई उघडी पडली होती आणि गंजून तिचे पापुद्रे सुटत होते. मी चहा घेतला, त्याच्याकडे वहीचा एक कागद मागितला आणि त्यावर दाराची चौकट कुठे सरकवायची, नवी सळई कुठे भरायची, ते काढून दाखवू लागलो. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि मग आत जाऊन मोजपट्टी घेऊन आला.