एकादशीची भरती आणि किनाऱ्यावरचे पाहुणे

समुद्राशी रोजचा संबंध असलेल्या कोकणातल्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली, तर तो आधी आज तिथी कोणती ते विचारतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हिवाळ्यात अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी पाहायला जाणाऱ्याची दुर्बीण एक वेळ घरी राहिली तरी चालेल, पण हा हिशेब चुकून चालत नाही. रानातले पक्षी सूर्याच्या वेळापत्रकाने वागतात. किनाऱ्यावरचे पक्षी मात्र पाणी उतरले की चरतात आणि चढले की विसावतात, मग तेव्हा मध्यरात्र का असेना.

उधाणाच्या ओहोटीला इकडचे पाणी एवढे मागे सरते की अलिबागेत लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात. अशा वेळी ओल्या वाळूच्या त्या विस्तारावर पांगलेले पक्षी दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढेच दिसतात. पाणी चढू लागले की त्यांची चरण्याची जागा आखडत जाते आणि त्यांच्यामागे धावण्याचे कष्ट न घेताही तेच पक्षी हळूहळू आपल्या दिशेने सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी सुरूच्या बनाशी पाठ करून स्वस्थ बसावे. पश्चिम किनारा असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येते आणि पिसन् पीस उजळते. दुपारनंतर पाणी चकाकू लागले की उरतात त्या नुसत्या काळ्या आकृती. चढते पाणी आणि सकाळचे ऊन यांचा मेळ एकादशीपासून त्रयोदशीपर्यंत उत्तम बसतो. एकादशीला उपास माणसांचा. पक्ष्यांची चंगळच असते.

नवख्या माणसाची पहिली सकाळ बहुधा निराशेत जाते, कारण विणीच्या हंगामातला तांबूस पिसारा केव्हाच गळून गेलेला असतो आणि समोरचे सगळे पक्षी एकाच मातकट रंगाचे दिसतात. तेथे रंगापेक्षा चाल आणि चोच पाहावी. चिखल्या चार पावले तुरुतुरु धावतो, एकदम थबकतो, टोच मारतो आणि पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळे टपोरे, म्हणजे शिकार नजरेने करण्याची रीत. जेमतेम 25-30 ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा उत्तर ध्रुवालगतच्या टुंड्रातून येथवर आलेला असतो, आणि त्याची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी अखंड खालीवर होत असते. कर्ल्यूला मात्र घाई ठाऊक नाही. तो आपली लांबलचक, खाली वळलेली चोच खेकड्याच्या बिळात जवळजवळ मुळापर्यंत खुपसतो, मान किंचित तिरकी करतो, खेकडा बाहेर ओढतो आणि त्याला झटके देत देत एकेक नांगी गळून पडेपर्यंत थांबतो. उरलेला गोळा तेवढा गिळतो. काळापांढरा, नारिंगी चोचीचा ऑयस्टरकॅचर दिसला, तर नवख्याचाही जीव भांड्यात पडतो, कारण त्याला ओळखण्यात चूक होणे अवघड. तो शिंपल्यांचा भोक्ता, आणि त्यांत तिसऱ्या आल्या म्हणजे थेट आपल्या ताटातलाच वाटेकरी.

गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचमागे जे कुरव लागतात, त्यांना आपण खुशाल समुद्रपक्षी म्हणतो. त्यांतल्या तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण मात्र लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर होते. लडाखचे त्सो मोरिरी सुमारे 4,500 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात डोक्याचा तपकिरी रंग जाऊन कानामागे एक गडद डाग तेवढा उरतो, आणि पंखांच्या काळ्या टोकांवरचे पांढरे ठिपके व फिकट डोळा यांवरून त्यांना काळ्या डोक्याच्या कुरवांपासून वेगळे काढावे लागते. एवढ्या उंचावरून आलेल्या पाहुण्यापुढे लोक गाठी आणि वेफर्स उधळतात, हे मला मुळीच आवडत नाही, पण ठिपके मोजण्याइतका जवळ तो त्याच वेळी येतो हेही खरे.

पूर्ण भरतीला किनाऱ्यावर पाय टेकायला जागा उरत नाही, तेव्हा यांतले बरेच पक्षी तिवरांमागच्या खाजणात आणि मिठागरांच्या बांधांवर जाऊन बसतात. तेथे शेकाट्यांची आधीपासूनच वस्ती असते, आणि दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची सावली पाण्यावरून सरकली की सारा थवा एका झटक्यात उठतो. किनारा तेवढा राखला आणि खाजण पडीक जमीन समजून भरावाखाली घातले, तर हे पक्षी भरतीचे तास कोठे काढणार? किनाऱ्यावर मोटारी पळवणाऱ्यांना आणि थव्यावर कुत्रे सोडून छायाचित्रे काढणाऱ्यांनाही एवढे कळायला हवे की ज्याला वसंतात हजारो किलोमीटर उडायचे आहे, त्याची चरबी अशा प्रत्येक उड्डाणात फुकट जाते.

होळीच्या सुमारास मातकट छातीवर विटकरी रंग चढू लागतो आणि एप्रिल सरता सरता बहुतेक जण निघून जातात. मागे राहतात ती मुख्यतः गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले. विणीचे वय झालेले नसल्याने त्यांना उत्तरेची घाई नसते. पावसाळ्यात किनारा ओस पडला तरी आक्षीच्या वाळूवर एखादा चिखल्या चार पावले धावून थबकताना दिसतो, तो त्यांच्यापैकीच.