रामटेकची फेरी आणि काट्याची थाप

मे महिन्यातल्या रविवारी पहाटे नागपुरातल्या सदरहून इलेक्ट्रिक गाडीनं रामटेकला निघालो तेव्हा चार्जचा काटा ६४ टक्के दाखवत होता. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. भाच्याने ओबीडी डोंगल (गाडीतले आकडे मोबाइलवर पाठवणारं छोटं यंत्र) लावून दिला होता, म्हणून मोबाइलवर मोठ्या बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसत होते.

सपाट रस्त्यावर ताशी ६०ला २५-२८ अँपिअर, ८०ला चाळीसच्या आसपास. व्होल्टेज ३२० धरलं तर चाळीस अँपिअर म्हणजे जवळपास १३ किलोवॅट. कामठीच्या गर्दीत गाडी जागची हलत नव्हती, तरी एसी पाचेक अँपिअर ओढतच होता. गडाच्या चढावर आकडा शंभरापर्यंत गेला, पोटात गोळाच आला. पण दीड टनाची गाडी शंभर मीटर वर न्यायला जेमतेम ०.४ युनिट लागतं, त्यातलं थोडं उतरताना परतही मिळतं. उतारावर आकडा उणे झाला, म्हणजे वीज बॅटरीत परत जात होती. (काही गाड्यांत चिन्ह उलटं असतं, आधी ब्रेक दाबून पाहून घ्या.)

खरी गंमत परतताना. कन्हानच्या पुलाजवळ २४ टक्के होते, बघता बघता १३! फोन लावला तर भाचा म्हणे, "मामा, काहून घाबरून राहिले? एसी बंद करा अन् चाळीसनं या." आलो, घामानं निथळत. घरी ६ टक्के उरले होते.

माझी बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिच्या सेलचं व्होल्टेज बहुतेक वेळ ३.२-३.३च्या आसपास रेंगाळतं, त्यावरून चार्ज कळत नाही. म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजत बसतो, आणि बारीक चूक रोज साचत जाते. तळाशी व्होल्टेज घसरू लागलं, किंवा पूर्ण भरताना वर चढलं, की हिशेब एकदम दुरुस्त होतो. मी महिनाभर ऐंशी टक्क्यांवरच चार्जिंग थांबवत होतो, बॅटरीचं भलं समजून! एलएफपी असेल तर कंपनीचं पुस्तक सांगेल तितक्या दिवसांनी, आणि लांब जायच्या आदल्या रात्री तर नक्कीच, पूर्ण शंभर करा.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) घ्यायचा तर बॅटरीचा डीसी करंट मोजणाराच घ्या. नुसता घरच्या विजेचा एसी करंट मोजणारा शून्य दाखवेल. डीसीवालाही गाडीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीपुरताच वापरा. मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही.

पुढच्या रविवारी शंभर टक्क्यांवरून तीच फेरी केली. ५४ उरले.