‘गग’ दाबलं की गडहिंग्लज का?

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ओळखीच्या गूळ अडतीसाठी गावांच्या यादीचा प्रोग्राम लिहितोय, तो तीन रविवारांत बराच पुढे सरकला. दिवाणजी माउसला हात लावत नाहीत, त्यामुळं अक्षरं दाबली की यादी त्या नावावर गेलीच पाहिजे. चाचणीला जिल्ह्यातले १२ तालुके घेतले. तेवढ्यातच सगळे रोग दिसले.

पहिला वेळेचा. क्यूटीत (प्रोग्रामच्या खिडक्या-याद्या ज्या तयार साहित्यातून केल्या, ते) दोन कळांमध्ये ४०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त गेले की आधीची अक्षरं पुसून शोध नव्यानं सुरू होतो. दिवाणजी इनस्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डच्या मांडणीवर) एका बोटानं प, न, हलन्त, ह, काना, ळ, काना अशा सात कळा दाबणार. ‘प’ला पन्हाळा लागला, ‘न’चा तालुकाच नाही आणि ‘ह’ला थेट हातकणंगले! पन्हाळ्याला निघालेला माणूस उलट्या दिशेला उतरला. मुदत १५०० केली.

तरी ‘ळ’ला लाल पट्टी यायची: सापडलं नाही. निवड पन्हाळ्यावरच, वर ही पट्टी. दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. ‘ळ’ला शिफ्ट लागतं, शिफ्ट ही वेगळी कळ म्हणून येते आणि तिच्याबरोबर अक्षर नसतं. ‘अक्षर नाही, म्हणजे शोध संपला’ ही ओळ माझीच होती. इंग्रजी नावांवर तपासत बसलो असतो तर जन्मात कळलं नसतं.

मग गगनबावडा. एकच अक्षर परत दाबलं की त्या अक्षराच्या पुढच्या नावावर जायचं, हा जुना रिवाज. म्हणून ‘गग’ला गडहिंग्लज. ‘न’ दाबल्यावर यादी परत येते, पण तोवर दिवाणजींनी एंटर मारलेला असतो. आता आधी ‘गग’नं सुरू होणारं नाव बघतो, नसेल तरच पुढं सरकतो. गडहिंग्लजला तिसरा ‘ग’ दाबावा लागतो, चालतंय.

काल पूर्ण यादी भरली आणि कसबा बावडा, कसबा बीड, कसबा सांगाव रांगेनं आडवे आले. नावांत स्पेस आहे, पण स्पेस दाबली की ओळीला टिक लागते. आता स्पेससकट जुळणारं नाव असेल तर ती शोधात धरतो, नाहीतर टिक.

उरलाय कऱ्हाडचा ‘ऱ्ह’. तो कुणी ‘ऱ’नं साठवतो, कुणी ‘र’पुढं हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखेच, जुळवताना वेगळे. शोधापुरतं जोडचिन्ह गाळून ‘ऱ’चा ‘र’ करून बघणार आहे.