फिल्टर तुंबला, पण दोष कुणाचा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून दुपारी फोन आला. लाइट गेलेली, जनरेटर सुरू होतो, पण लोड दिला की बंद पडतो. गेलो तर मालक तापलेले. "मिस्त्री, महिनाभर ते तळणाच्या तेलाचं डिझेल भरतोय, आज मशीन बसलं बगा!"

फिल्टर उघडला. आत डांबरासारखा काळा गाळ. मालक म्हणाले, हीच त्या तेलाची घाण. कॅनमधलं इंधन बाटलीत घेतलं तर पिवळं, आरपार दिसणारं. मग गाळ आला कुठून? टाकीतून. वर्षानुवर्षं डिझेल भरून तळाला आणि कडांना जो थर बसतो, तो बायोडिझेल, म्हणजे हे तळणाच्या तेलाचं डिझेल, सोडवतं. सुटलेला थर फिल्टरवर येऊन बसतो. रिकामं इंजिन कसंबसं चालतं, लोडवर डिझेल पुरत नाही.

तरी इंधन तपासल्याशिवाय मी त्याची बाजू घेत नाही. काही जण वापरलेलं तेल नुसतं गाळून बायोडिझेल म्हणून विकतात. तसलं तेल दाट असतं, इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर कार्बन धरतं. खऱ्या बायोडिझेलसाठी मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलातून ग्लिसरीन वेगळं काढावं लागतं. मी २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली इंधन टाकून हलवलं. सगळं विरघळलं. बायोडिझेल न झालेलं तेल उरलं असतं तर तळाला बसलं असतं.

एक दोष मात्र बायोडिझेलचाच निघाला. जादा इंधन टाकीत परत नेणारी रबरी नळी फुगून मऊ पडली होती. साध्या रबराला हे इंधन सोसत नाही, तिथं व्हायटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचीच नळी लागते. ती बदलली, टाकी उतरवून धुतली, नवा फिल्टर लावला, इंधनाच्या पाइपातली हवा काढली. लोड दिला, माग सुरू झाले.

मला हे इंधन टिकायला हवंय. पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेलेलं तेल स्वयंपाकात वापरायला १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. पण हॉटेलातून निघालेलं काळं तेल स्वस्तात विकलं गेलं की पुन्हा कुणाच्या तरी कढईत जातं. गड्ड्याच्या यात्रेत लेकरं भजी खातात तेव्हा माझं लक्ष आधी कढईकडं जातं. ते तेल इंजिनातच जळायला हवं.

निघताना मालकांना सांगितलं, टाकी धुतली तरी पाइपात थर आहेच. दोन फिल्टर आणून ठेवा, आणि लोडवर आवाज बदलला की थांबवून आधी फिल्टर बघा.