‘इथून’ म्हणजे कुठून? : हॅम परवान्याच्या अभ्यासाचा माझा अनुभव

सरांनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं, “मला दिसत नाही. तेव्हा तुम्ही कॅमेरा चालू ठेवा की बंद, मला सारखंच. पुस्तकात आकृती असेल ती तुम्ही मला बोलून सांगायची. चालेल?”

मी चालेल म्हणाले. पुढचे पाच महिने आठवड्यातून दोनदा, एकेक तास, मी सर्किटं तोंडी सांगत होते.

हौशी रेडिओचं, म्हणजे हॅमचं (परवाना घेऊन स्वतःच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी हौसेने बोलण्याचं), वेड जुनं. लहानपणी रात्री शॉर्टवेव्हचा काटा फिरवत बसायचे. न कळणाऱ्या भाषेतली बातमी कानावर आली की ती माणसं आत्ता, या क्षणी तिकडे बोलताहेत याचंच नवल वाटायचं. परवान्याची परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा पुस्तक आणलं आणि एकटीच बसले. ओहमच्या नियमापर्यंत ठीक चाललं, पण रिॲक्टन्सच्या, म्हणजे बदलत्या करंटला कॉइल आणि कपॅसिटर करतात त्या अडथळ्याच्या, प्रकरणात गाडी रुतली. तेच धडे तीनदा वाचले. शेवटी हार मानून प्रश्नसंच पाठ करायला घेतला. त्याच सुमारास एका हॅमच्या, म्हणजे हा छंद असलेल्या माणसाच्या, ओळखीतून सरांचा नंबर मिळाला. चाळीसएक वर्षं ते बँडवर, म्हणजे हॅमना मिळालेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर, आहेत, आणि त्यांचा सेट फ्रिक्वेन्सी बोलून सांगतो.

पहिल्या तासाला सर म्हणाले, सगळ्यात सोपी आकृती घ्या. मी बॅटरी आणि दोन रेझिस्टरची घेतली.

“बॅटरी आहे सर. इथून तार जाते, मग एक रेझिस्टर, मग त्याच्या खाली दुसरा...”

“इथून म्हणजे कुठून?”

“डावीकडून.”

“करंटला डावं-उजवं कळत नाही. बॅटरीच्या कुठल्या टोकापासून?”

“धन टोकापासून.”

“हं. आणि ‘खाली’ म्हणजे? कागदावर खाली असेल. सर्किटमध्ये तो कुठे आहे?”

मला बोलताच येईना. आकृती डोळ्यांसमोर होती, तरी सांगता येत नव्हती. दोन-तीन वेळा अडखळल्यावर असं जमलं: १२ व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकापासून निघते. पहिला भेटतो १०० ओहमचा रेझिस्टर. त्याच्या दुसऱ्या टोकाला २०० ओहमचा जोडलाय, आणि त्या जोडावर तिसरं काहीही नाही. २०० च्या दुसऱ्या टोकापासून परत बॅटरीच्या ऋण टोकाला.

“जोडावर तिसरं काहीही नाही,” सरांनी तेवढंच पुन्हा म्हटलं. “मग पहिल्यातून आलेला करंट जाणार कुठे?”

“दुसऱ्यातच.”

“मग दोघांतला करंट?”

“एकच.”

सिरीज सर्किटमध्ये करंट सगळीकडे सारखा असतो, हे वाक्य मी शाळेपासून लिहीत आले होते. पण तो सारखा का असतो, हे त्या दिवशी स्वतःच्या तोंडून ऐकलं. पुढचा हिशेब मग आपोआप सुटला: एकूण ३०० ओहम, करंट ४० मिलीॲम्पिअर, पहिल्यावर ४ व्होल्ट, दुसऱ्यावर ८. त्या तासात आम्ही एवढंच केलं.

ज्या रिॲक्टन्सपाशी मी अडले होते, तिथे सरांनी सूत्र बाजूला ठेवायला लावलं. कॉइलला बदल आवडत नाही, म्हणाले. तिच्यातला करंट बदलायला गेलात की ती अडवते, आणि जितक्या घाईने बदलाल तितकी जास्त अडवते. कपॅसिटरचं उलटं. त्याच्यावरचं व्होल्टेज सावकाश बदललं तर तो जेमतेम करंट वाहू देतो, झपाट्याने बदललं तर भरपूर. फ्रिक्वेन्सी वाढली की एकीचा अडथळा वाढतो, दुसऱ्याचा घटतो. मग कुठेतरी दोन्ही सारखे होणारच ना? तो रेझोनन्स. हे मी त्यांना माझ्या शब्दांत परत सांगितल्यावरच त्यांनी सूत्र वापरू दिलं. उदाहरण दिलं १० मायक्रोहेन्रीच्या कॉइलचं आणि ५० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचं. उत्तर आलं सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ. “हा आपला ४० मीटरचा बँड,” सर म्हणाले, आणि हा आकडा पुढे सतत भेटत राहिला.

प्रश्नसंच पाठ केल्याचं त्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्यांनी एक प्रश्न अर्धा वाचला आणि मी उत्तर देऊन मोकळी झाले. ते म्हणाले, “बरोबर. आता बाकीची तीन उत्तरं का चूक आहेत ते सांगा.” एकाचंही कारण सांगता आलं नाही. तेव्हापासून सराव परीक्षेत आमचा नियम ठरला: बरोबर पर्यायाला गुण नाहीत, चुकीच्या तिघांची कारणं दिली तर गुण. वेळ फार लागायचा. पण कुणी मला या अभ्यासाचं विचारलं तर मी हीच एक गोष्ट आग्रहाने सांगते. चुकीचे पर्याय पेपर काढणाऱ्याने विचार करून घातलेले असतात. शक्ती दुप्पट झाली तर किती डेसिबल (पटीतला फरक मोजण्याचं एकक), या प्रश्नात ३ च्या शेजारी ६ असतो, कारण व्होल्टेज दुप्पट झालं तर ६ येतात. तो ६ का चूक आहे हे ज्याला कळलं त्याला डेसिबल कळले.

डेसिबलवरून सरांनी एक हिशेब करायला लावला तो मला फार आवडतो. सिग्नल-मीटरवरचा एक एस-युनिट म्हणजे प्रमाणाने ६ डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती. समोरच्याच्या मीटरचा काटा एका घराने सरकवायचा तर १०० वॉटचे ४०० करावे लागतात. “म्हणून आधी अँटेना बघायची,” सर म्हणाले. “तार बरी टांगली तर तेवढा फरक फुकट पडतो.”

तारेचा धडा मी जमिनीवर बसून केला. प्रकाशाचा वेग तीस कोटी मीटर, भागिले ७१ लाख, म्हणजे तरंगलांबी सव्वाबेचाळीस मीटर. त्याची अर्धी २१ मीटरच्या थोडी वर. प्रत्यक्ष तार त्याहून सुमारे पाच टक्के आखूड लागते, म्हणून हॅम लोक सरळ १४३ भागिले मेगाहर्ट्झ करतात. उत्तर २०.१४ मीटर, मधून तोडून दोन बाजूंना १०.०७. हीच डायपोल अँटेना. सरांनी सुतळी मोजायला सांगितली. फोन स्पीकरवर ठेवून मी सुतळी हातभर-हातभर सरकवत होते आणि ते तिकडून मोजणी ऐकत होते. सुतळी खोलीतून बाहेर, दारातून वळून जिन्याच्या कठड्यापर्यंत गेली. “आता तरंगलांबी केवढी असते ते हाताला कळलं,” ते म्हणाले. “विसरणार नाही तुम्ही.” आणि खरंच, परीक्षेत डायपोलच्या लांबीचा प्रश्न आला तेव्हा मला तो कठडाच दिसला.

कानाचा अभ्यास वेगळा होता. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक रिसीव्हर आहे, जो इंटरनेटवरून कुणालाही हवा तसा ट्यून करता येतो आणि एकाच वेळी शेकडो जण आपापल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू शकतात. सर रोज अर्धा तास त्यावर बसायला सांगायचे, आणि नोंदवही यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेल्या, वेळेत ठेवायला. पहिल्या दिवशी ७.१ च्या आसपास नुसती बदकं बोलताहेत असं वाटलं. मग कळलं की एसएसबीवर (सिग्नलची एकच बाजू, म्हणजे एकच साइडबँड, पाठवण्याच्या पद्धतीत) फ्रिक्वेन्सी शंभर-दोनशे हर्ट्झ चुकली तरी आवाज तसाच येतो, आणि मी साइडबँडही उलटा लावला होता. १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर, वर अप्पर, असा हॅम लोकांचा रिवाज आहे. लोअर लावून हळूहळू काटा आणला तर बदकाचा एकदम माणूस झाला. ती एक सेकंद मी अजून विसरलेले नाही.

मग तोच बँड त्यांनी तिथल्या भर दुपारी आणि तिथल्या रात्री ऐकायला लावला. दुपारी जवळच्या देशांतली माणसं, रात्री हजारो किलोमीटरवरची. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा डी थर खालच्या बँडचे सिग्नल शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या एफ थरापर्यंत पोचून परततात. पुस्तकात हे दीड पान होतं. माझ्या वहीत ते एकाखाली एक लिहिलेल्या कॉल साइनच्या (प्रत्येक हॅमच्या सांकेतिक नावाच्या) रूपात होतं, दुपारच्या पानावर वेगळ्या, रात्रीच्या पानावर वेगळ्या.

मोर्स माझ्या परीक्षेला नव्हतं. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर मोर्सची सक्ती ठेवायची की नाही हे प्रत्येक देशावर सोडलं गेलं. सरांनी तरी शिकवलं, आणि तेही ठिपके-रेघा कागदावर न लिहिता. पहिल्याच दिवशी मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने ‘के’ आणि ‘एम’ ऐकवले, फक्त दोनच. नव्वद टक्के ओळखता आले की तिसरं अक्षर. हळू वेगाने शिकलं तर माणूस मनात ठिपके मोजायला लागतो आणि ती सवय पुढे सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी अजून सगळी अक्षरं त्या वेगाने घेऊ शकत नाही, पण रोज दहा मिनिटं बसते.

नियमांचा भाग सर भराभर संपवतील असं वाटलं होतं. पण तिथे ते सर्वांत जास्त रेंगाळले. हॅमने पैशासाठी बोलायचं नाही. अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा वापरायची नाही. आपली कॉल साइन सांगायची. बोलण्याआधी ऐकायचं, फ्रिक्वेन्सी रिकामी वाटली तरी विचारायचं, कारण बोलणाऱ्या दोघांपैकी एकच आपल्याला ऐकू येत असू शकतो. आणि संकटातल्या माणसाची हाक आली तर बाकी सगळं थांबवायचं. “हे पाठ करायचे मुद्दे नाहीत,” सर म्हणाले. “हा बँड सगळ्यांचा आहे आणि त्याला भिंती नाहीत. वागण्यावरच चालतो.” त्यांचा आवाज एरवी शांत असतो, तेव्हा तो जरा वर चढला होता.

एकदा ऐन सुपरहेटच्या (आलेली फ्रिक्वेन्सी आत एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या रिसीव्हरच्या) धड्यात माझं इंटरनेट गेलं. दुसऱ्या कुणाचा तास असता तर बुडाला असता. सरांनी साधा फोन लावला आणि आम्ही वाक्याच्या अर्ध्यावरून पुढे सुरू केलं: अँटेनाकडून ७.१ येतो, ऑसिलेटर १६.१ चा, मिक्सरमधून वजाबाकी ९ आणि बेरीज २३.२ बाहेर पडते, फिल्टर ९ तेवढा पुढे सोडतो. “आता सांगा, अँटेनाकडून दुसरी कुठली फ्रिक्वेन्सी आली तरी ९ च मिळेल?” मी भिंतीकडे बघत हिशेब केला. २५.१. “हीच ती नको असलेली इमेज,” सर म्हणाले. पुस्तक शेजारच्या खोलीत होतं आणि ते आणायला उठावं असं वाटलंही नाही.

परीक्षेच्या दिवशी हात गार पडले होते. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला एक गुंतागुंतीची आकृती आली, रेझिस्टर आडवे, उभे, एक तिरपा. पाहताक्षणी काहीच कळलं नाही. मग ओठ न हलवता मनात सुरू केलं: बॅटरीच्या धन टोकापासून निघते. पहिला जोड. या जोडावर तीन तारा आहेत. तिरपा रेझिस्टर कुठून कुठे जातो ते सांगताना लक्षात आलं की तो आणि उभा रेझिस्टर त्याच दोन जोडांमध्ये आहेत, म्हणजे पॅरलल. काढणाऱ्याने तो मुद्दाम तिरपा काढला होता. पुढचं दोन ओळींत सुटलं.

निकाल लागला, परवाना आणि कॉल साइन मिळाली. मग तार चढवायचं काम. मी दोन्ही बाजू मुद्दाम १०.३० मीटर कापल्या होत्या, कारण लांब तार कापता येते, आखूड वाढवता येत नाही. मधलं टोक खांबावर, दोन्ही शेपट्या उतरत्या. पहिल्या मापात रेझोनन्स ६.९५ ला दिसला. थोडं-थोडं कापत तिसऱ्या खेपेला ७.१ वर आणला, तिथे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे सर्वांत उत्तम) १.४ आला. उरलेले तारेचे तुकडे मी डबीत ठेवले आहेत.

सर माझ्यापासून साधारण चारशे किलोमीटरवर राहतात. दुपारची वेळ ठरली होती. मी आधी ऐकलं, मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते विचारलं, पुन्हा ऐकलं, मग त्यांना हाक दिली. आवाज घोगरा झाला होता, कॉल साइनचं एक अक्षर दोनदा म्हटलं. दोन सेकंद नुसती खरखर. मग तोच आवाज आला, पाच महिने इअरफोनमध्ये ऐकलेला, पण आता मध्ये कुणाची केबल नव्हती की सर्व्हर नव्हता.

“तुमचा रिपोर्ट ५ आणि ७. बोलणं पूर्ण कळतंय, सिग्नल बऱ्यापैकी. मधूनमधून क्यूएसबी आहे, सिग्नल खाली-वर होतोय. पहिल्या हाकेला घाई केलीत. आता अँटेना सांगा.”

मी बटण दाबलं. “सर, कोॲक्स केबलच्या सेटकडच्या टोकापासून निघते...”